वाइतांगीच्या हिरवळीवर दोनदा

न्यूझीलंडच्या उत्तर भागात, पाइहिया या समुद्रकाठच्या गावापासून दोन किलोमीटरांवर वाइतांगीची तहभूमी आहे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी माओरी प्रमुखांनी इंग्लंडच्या राणीशी झालेल्या तहावर जिथे सह्या केल्या, ती ही हिरवळ. आज ती तिकीट काढून पाहता येते. त्या तिकिटात गाइडबरोबरची सुमारे ५० मिनिटांची फेरी, माओरी गायननृत्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि दोन संग्रहालये येतात. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन आम्ही ही जागा तीन आठवड्यांत दोनदा पाहिली. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या भेटीचे आहे. पण पहिल्या भेटीविषयी चार ओळी लिहिल्याखेरीज दुसरीचे मोल नीट सांगता येणार नाही.

पहिल्या वेळी आम्ही ऑकलंडहून एका प्रवासी कंपनीच्या बसने गेलो. कंपनीचे नाव देत नाही, कारण अशा सहली अनेक जण काढतात आणि आमचा अनुभव एका दिवसाचा आहे. सव्वातीन तासांच्या प्रवासात चालकाने ध्वनिक्षेपकावरून जो इतिहास सांगितला तो थोडक्यात असा: १८४० मध्ये माओरींनी संरक्षणाच्या बदल्यात आपला देश राणी व्हिक्टोरियाच्या स्वाधीन केला, आणि तेव्हापासून दोन्ही समाज एक झाले. बाबा निवृत्त इतिहासशिक्षक. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर वसईचा तह आणि तैनाती फौज शिकवली. त्यांनी विचारले, की स्वखुशीने स्वाधीन केला असेल, तर पुढे एवढ्या लढाया कशाला झाल्या? ते नंतरचे आहे, एवढेच उत्तर मिळाले. उतरल्यावर आम्हाला दीड तास दिला गेला. त्यात गाइडबरोबरची फेरी बसेना, म्हणून आम्ही ध्वजस्तंभ पाहिला, छायाचित्रे काढली आणि परतलो. परतीच्या वाटेवर बाबा फारसे बोलले नाहीत.

दुसऱ्या वेळी स्वतःची गाडी काढली, पाइहियात मुक्काम केला आणि सकाळी दार उघडताच पोहोचलो.

गाइडने फेरी सुरू करण्याआधी स्वतःची ओळख करून दिली, आणि ती ओळख म्हणजे नुसते नाव नव्हते. आधी आपला डोंगर, मग नदी, मग जमात, मग पूर्वज, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे नाव, असा तो क्रम होता. या वंशावळीला माओरी भाषेत ‘फाकापापा’ म्हणतात. आमच्या भागात अनोळखी माणसाला ‘कुणापैकी तुम्ही?’ असे विचारल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही, त्यामुळे आईला यात काहीच नवल वाटले नाही. पण इतिहास सांगण्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. सांगणारा कोण, तो कोणाच्या बाजूने बोलतो आणि त्याला हे कोणाकडून कळले, हे सारे पहिल्या दोन मिनिटांत ऐकणाऱ्यापुढे मांडले जाते. हा गाइड न्गापुही या उत्तरेकडच्या जमातीचा होता आणि तहावर खूण करणाऱ्यांत त्याचा एक पूर्वज होता. पुढची सारी फेरी त्याने ‘ते’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणत सांगितली.

फेरीतला सर्वांत मोलाचा भाग हिरवळीवरचा. ५ फेब्रुवारी १८४० रोजी इथे जहाजाच्या शिडांचा मंडप उभारला होता. लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आलेल्या कॅप्टन विल्यम हॉब्सनने तहाचा मसुदा वाचला आणि मिशनरी हेन्री विल्यम्सने त्याचे माओरी रूप ऐकवले. ते भाषांतर विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी आदल्या रात्रीत उरकलेले होते. त्या दिवशीची पहिली भाषणे विरोधाची होती. ते केमारा या प्रमुखाने तर आपली जमीन परत मागितली, आणि तीही ब्रिटिश रेसिडेंट जेम्स बझबी व विल्यम्स यांच्या तोंडावर, बझबीच्याच अंगणात. तामाती वाका नेने या प्रमुखाने सभेचा कल तहाच्या बाजूने फिरवला. रात्रभर नदीपलीकडे प्रमुखांची खलबते चालली. हॉब्सनला वाटत होते की पुढची बैठक ७ तारखेला होईल. पण अन्न संपत आलेले, लोकांना घरी परतायचे होते, म्हणून सगळे ६ तारखेलाच जमले आणि हॉब्सनला जहाजावरून घाईघाईने, पूर्ण गणवेशाविना, यावे लागले. पहिली सही होने हेके या प्रमुखाची. तो पुढे होत असताना मिशनचा छापखाना चालवणाऱ्या विल्यम कोलेन्सोने मध्येच विचारले, की या लोकांना तहातली कलमे खरोखर समजली आहेत का? हॉब्सनने आपल्याकडून होईल ते केले असे सांगून विषय मिटवला. प्रत्येक सहीनंतर तो माओरीत म्हणाला, की आता आपण एक लोक झालो. बसमधल्या ध्वनिक्षेपकावरून आम्ही ऐकलेला ‘एक झाले’ हा निष्कर्ष म्हणजे १८४० सालच्या एका अधिकाऱ्याचे समारंभातले वाक्य होते, हे तिथे उभे राहिल्यावर कळले.

त्यानंतर गाइडने दोन शब्द समजावून सांगितले, आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे तेवढ्यातच वसूल झाले. तहाच्या इंग्रजी मसुद्यातल्या पहिल्या कलमात प्रमुखांनी सार्वभौमत्व राणीला दिले असे लिहिले आहे. माओरी मसुद्यात त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आहे. आपल्याकडे ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झाला, तसा ‘गव्हर्नर’चा ‘कावाना’ झाला, आणि त्यावरून मिशनऱ्यांनी बायबलच्या भाषांतरासाठी घडवलेला हा शब्द. त्याचा अर्थ गव्हर्नरपण, म्हणजे फार तर राज्यकारभार. दुसऱ्या कलमात इंग्रजी मसुदा प्रमुखांना जमिनी, जंगले आणि मासेमारीच्या जागा यांचा निर्वेध ताबा देतो. माओरी मसुदा मात्र त्यांच्या जमिनी, वस्त्या आणि सगळ्या ‘ताओंगा’वर, म्हणजे मोलाच्या सर्व गोष्टींवर, ‘तिनो रांगातिरातांगा’ कायम ठेवतो. ‘रांगातिरा’ म्हणजे प्रमुख. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ असे जे म्हटले आहे, तिथे माओरी बायबलमध्ये हाच रांगातिरातांगा शब्द आहे. रोज ती प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाला तहाच्या कलमातून काय कळले असेल, हे वेगळे सांगायला नको: राज्य आमच्याकडे राहते, आणि गव्हर्नर आपल्या माणसांना आवरायला येतो.

सर्व प्रदेश मिळून पाचशेहून अधिक प्रमुखांनी तहावर सह्या केल्या. त्यांतले फक्त ३९ इंग्रजी मजकुराच्या कागदावर आहेत. बाकीच्या सगळ्या सह्या माओरी मजकुराखाली आहेत. ही संख्या ऐकून बाबा जागीच थांबले. इंग्रजांशी झालेले आपल्याकडचे तह मान खाली घालून वाचावे लागतात, पण सही करणारा एक मजकूर वाचतो आणि राज्य दुसऱ्या मजकुरावर चालते, हा प्रकार त्यांनी कधी शिकवला नव्हता.

‘ते कोंगाहू’ हे २०१६ मध्ये उघडलेले संग्रहालय हाच धागा पुढे नेते. तिथे निदान दोन तास द्यावेत. आम्ही सर्वाधिक वेळ ‘हे फाकापुतांगा’ या घोषणेपाशी होतो. तहाच्या सव्वाचार वर्षे आधी, २८ ऑक्टोबर १८३५ रोजी, उत्तरेकडच्या प्रमुखांनी याच वाइतांगीला आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते, आणि त्या दस्तऐवजात सार्वभौम सत्तेसाठी ‘किंगितांगा’ आणि ‘मना’ हे शब्द वापरलेले आहेत. म्हणजे नेमका शब्द भाषेत होता, लिहिला गेलेला होता, आणि भाषांतर करणाऱ्याला ठाऊक होता. तहात मात्र तो आला नाही. ‘मना’ सोडा असे लिहिले असते तर कोणी सही केली नसती, असे माओरी इतिहासकार म्हणतात. हेन्री विल्यम्सने हे जाणूनबुजून केले की एका रात्रीच्या घाईत झाले, यावर अजून वाद आहे. मला पहिली शक्यता अधिक पटते. बाबा दुसऱ्या बाजूचे आहेत, आणि हा वाद घरी परतेपर्यंत चालला.

माओरी मजकूर काय म्हणतो हे मांडण्याचे श्रेय एका माणसाचे नाही. पाकेहा, म्हणजे गोऱ्या समाजातल्या, रूथ रॉस यांनी १९७२ मध्ये दोन्ही मजकुरांतली तफावत अभ्यासकांपुढे आणली. न्गाती फातुआ जमातीचे प्राध्यापक ह्यू काफारू यांनी १९८० च्या दशकात माओरी मजकुराचे जे इंग्रजी भाषांतर केले, ते आज न्यायालये आणि सरकार दोघेही वापरतात. सार्वभौमत्व या अर्थाची कल्पना सही करणाऱ्यांच्या अनुभवात असणेच शक्य नव्हते, अशी टीप त्यांनी त्याला जोडली. पण खरा जोर आला तो तहभंगाच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वाइतांगी न्यायाधिकरणामुळे, आणि त्याहून अधिक १९८५ मध्ये त्याला थेट १८४० पर्यंत मागे जाऊन तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाल्यामुळे. एकदा जुन्या जमीनजप्तीची कैफियत ऐकणारी जागा तयार झाली, की ती पुराव्यानिशी मांडणारी माणसेही लागतात. जमातींचे स्वतःचे संशोधक या गरजेतूनही पुढे आले. १९९२ मध्ये ‘ते पोउहेरे कोरेरो’ ही माओरी इतिहासकारांची संघटना उभी राहिली. न्गापुहींची सुनावणी २०१० च्या मे महिन्यात वाइतांगीलाच सुरू झाली. तिथे वडीलधाऱ्यांनी तोंडपाठ परंपरा साक्ष म्हणून सांगितली, आणि २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने निष्कर्ष दिला: फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व सोडलेले नव्हते. सरकारने तो ऐकून घेतला आणि सत्ता आमचीच आहे असे सांगितले. असे निष्कर्ष बहुतांशी शिफारशीच ठरतात, हेही इथे सांगून ठेवावे.

इथे मला आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण झाली. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला, आणि त्याला उत्तर द्यायचे तर आधी साधने जमवली पाहिजेत, म्हणून राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळत फिरले. पण त्यांना निदान मोडीतले कागद सापडत होते. माओरींचे दप्तर वेगळे आहे. ते लाकडात कोरलेले असते, गाण्यात असते आणि वंशावळीत असते. हिरवळीच्या एका बाजूला बझबीचे घर आहे, आणि त्याच्याजवळच तहाच्या शताब्दीला, ६ फेब्रुवारी १९४० रोजी, उघडलेले कोरीव सभागृह ‘ते फारे रूनांगा’. ते एका जमातीचे नाही. देशभरच्या जमातींचे पूर्वज त्याच्या खांबांवर कोरलेले आहेत. गाइड एकेका खांबापाशी थांबून वाचावे तसे सांगत होता. जोडे बाहेर काढून आत बसलेल्या आईने मला हळूच विचारले, की हे देऊळ आहे का? मला उत्तर देता आले नाही. बखर म्हणालो असतो तर ते जास्त बरोबर ठरले असते.

गायननृत्याचा कार्यक्रम याच सभागृहात होतो. तो नेटका आहे आणि गाणाऱ्यांचे आवाज उत्तम आहेत. पण बहुतेक पाहुणे त्यासाठीच येतात आणि तो संपला की निघून जातात, याची चुटपुट वाटते. खाली ३५ मीटर लांबीची ‘न्गातोकीमाताफाओरुआ’ ही युद्धनौका ठेवलेली आहे. तीही शताब्दीसाठीच बांधलेली, आणि ती वल्हवायला किमान ७६ माणसे लागतात.

दुसरे संग्रहालय, २०२० मध्ये उघडलेले ‘ते राउ आरोहा’, युद्धांत लढलेल्या माओरींचे आहे. दुसऱ्या महायुद्धात माओरी नेते आपिराना न्गाता यांनी लढाईतल्या या सहभागाला नागरिकत्वाची किंमत म्हटले होते. त्या युद्धात २८ व्या माओरी बटालियनमधून सुमारे ३,६०० जण लढले आणि त्यांतले ६४९ मारले गेले. तह केलेल्या माणसांच्या नातवंडांनी समान हक्कांची किंमत रक्ताने का मोजावी, हा प्रश्न हे दालन उघडपणे विचारते, आणि नावांच्या भिंतीपुढे तो टाळता येत नाही. मराठी माणसाला इथे थांबायला आणखी एक कारण आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीवर न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी चढाईला उतरल्या. पहिलीत माओरी बटालियन होती, आणि दुसरीत मराठा लाइट इन्फन्ट्री. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच चढाईतल्या पराक्रमाबद्दल. नोकरीनिमित्त इथे आलेले आपण या देशाला अगदी नवखे समजतो. पण एकाच साम्राज्यासाठी दोन्हीकडची माणसे एकाच नदीत उतरली होती.

आता ही जागा काय सांगते आणि कशासाठी दुसरीकडे जावे लागते, ते सांगतो. वाइतांगी हे तहाचे ठिकाण आहे. तह कसा मोडला गेला, त्याची ठिकाणे देशभर विखुरलेली आहेत. १८६३ मध्ये गव्हर्नर ग्रेने वाइकाटो या माओरी प्रदेशावर सैन्य घातले आणि त्यानंतर तिथली सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. ऑकलंडच्या दक्षिणेला महामार्गावर ‘बॉम्बे’ नावाची पाटी लागते. तिचे कौतुक वाटून मुंबईकर पाहुणे हमखास फोटो काढतात. ते नाव मुंबईवरून थेट आलेले नाही. त्याच १८६३ साली वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या जहाजाचे ते नाव आहे. आणखी दक्षिणेला, हॉक्स बेमध्ये, नेपियर, हेस्टिंग्ज, क्लाइव्ह आणि हॅवलॉक अशी गावे एकमेकांना लागून आहेत. नकाशा पाहून बाबा म्हणाले, ‘अरे, हा तर माझा दहावीचा अभ्यासक्रम!’

१८७७ मध्ये तर मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी एका निकालात या तहाला निव्वळ शून्यवत ठरवले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे देशाच्या शाळांतून काय शिकवले गेले असेल, याचा अंदाज बसच्या चालकाच्या बोलण्यावरून येतो. मला त्याच्यावर राग धरवत नाही. हे चित्र पालटायला सुरुवात केली तीही एका शाळेने. ओतोरोहांगा कॉलेजच्या विद्यार्थ्यांना १८६४ च्या रांगिआओफिया आणि ओराकाउ इथल्या रणभूमी दाखवायला नेले, तेव्हा हे आपल्याला कोणी सांगितले कसे नाही, असे त्यांना वाटले. या युद्धांचा स्मृतिदिन पाळावा असा बारा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन ते डिसेंबर २०१५ मध्ये संसदेत गेले. आता दर वर्षी २८ ऑक्टोबरला त्या युद्धांचा स्मृतिदिन पाळतात; तारीख ‘हे फाकापुतांगा’ची. २०२३ पासून देशाचा इतिहास शाळांत सक्तीचा झाला. आणि तरीही, नोव्हेंबर २०२४ मध्ये तहाची तत्त्वे कायद्याने नव्याने ठरवू पाहणारे विधेयक आले, त्याविरुद्ध वेलिंग्टनला संसदेपुढे पोलिसांच्या अंदाजाने ४२,००० लोक जमले, आणि १० एप्रिल २०२५ रोजी ते ११ विरुद्ध ११२ मतांनी पडले. आमच्या गाइडची न्गापुही ही देशातली सर्वांत मोठी जमात. तहभंगाबद्दलची तिची सरकारबरोबरची तडजोड अजून झालेली नाही. वाइकाटोच्या जमातीची ती १९९५ मध्ये झाली, आणि त्या वेळी माफीच्या कायद्यावर राणी एलिझाबेथने स्वतः सही केली होती.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. बसच्या एका दिवसाच्या सहलीने जाऊ नये; जायचेच असेल तर तिथे किती तास मिळणार, आणि गाइडची फेरी त्यात बसते का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. न्यूझीलंडच्या रहिवाशांना ओळखपत्र दाखवल्यावर तिकीट बरेच स्वस्त पडते. फेरी आधी करावी आणि संग्रहालय नंतर पाहावे, कारण ते दोन शब्द कानावर पडल्यावर काचेतले कागद वेगळे वाचले जातात. ६ फेब्रुवारीला प्रवेश विनामूल्य असतो, पहाटेची प्रार्थना असते, सरकारचे मंत्री येतात आणि त्यांना चार गोष्टी तोंडावर ऐकाव्या लागतात. ती गर्दी ज्यांना सोसते त्यांनी तोच दिवस निवडावा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना नौका आणि नृत्य आवडेल, मजकुरांची तुलना कंटाळवाणी वाटेल. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवला तर निश्चिंती असते; आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाडाखाली बसून खाल्ली.

मूळ तह इथे नाही. १८४१ च्या आगीतून वाचलेले आणि पुढे सरकारी इमारतीच्या तळघरात पाण्याने व उंदरांनी खाल्लेले ते कागद आता वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, मंद उजेडाच्या खोलीत ठेवले आहेत. बाबांचा मुक्काम अजून महिनाभर आहे. त्यांनी वेलिंग्टनची तिकिटे काढायला सांगितली आहेत. विमानाची चालतील, बसची नकोत, असेही बजावले आहे.